विसंगती आधी विचारा, मग लिहा

लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-मिरजेची माणसं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. तिथल्या पेढ्यांवर सिंधी आडनावं का दिसतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच जागी आधी वळिवड्याची पोलिश छावणी होती हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं. १९४३ पासून पुढची चार-पाच वर्षं सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथं राहिले. त्यांच्यातले काही आजारी आणि शाळकरी मुलं साताऱ्याच्या बाजूला पाचगणीला होती. फाळणीनंतर वळिवड्याच्या त्याच जागी सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वसाहत झाली. या दोन्ही लोंढ्यांतल्या कुणाला एकट्याला खोलीत बसवून 'तुला जिवाची भीती होती हे पटवून दे' असं म्हणावं लागलं नाही. ही माणसं का आली हे सरकारनं गटाला गट म्हणून मान्य केलं होतं.

आज जगभरात आश्रय मागणाऱ्या बहुतेकांना ही सोय नाही. माणूस एकटा येतो. सोबत कागद नसतो, कारण ज्यानं छळ केला त्यानं त्याची पावती दिलेली नसते. साक्षीदार सीमेपलीकडे राहिलेले असतात. मग दाव्याचा सगळा भार त्याच्या बोलण्यावर येतो आणि ते बोलणं ऐकण्याची अधिकृत जागा म्हणजे दोन-चार तासांची मुलाखत. आपल्याकडे अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांच्या मुलाखती संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्त कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीत घेतं. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचा प्रश्न सरकारनं स्वतःकडे ठेवला आहे आणि तिथं मान्यता गटवार आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे ही मुलाखत कशी घ्यावी याबद्दल आपल्या कायद्यात एक ओळ सापडत नाही.

ती ओळ लिहायची वेळ आली तर पहिली कोणती असावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. अर्जदाराला मुलाखतीत स्पष्टपणे न विचारलेली विसंगती नकाराच्या आदेशात वापरता येऊ नये. दुभाषी, ध्वनिमुद्रण, अपील या बाकीच्या सुधारणा महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांचा कणा हा एक नियम आहे. तो का, हे कळायला मुलाखत आतून कशी चालते आणि कुठं बिघडते ते पाहावं लागतं.

चांगल्या मुलाखतीतलं निम्मं काम अर्जदार खोलीत येण्याआधी झालेलं असतं. अधिकाऱ्यानं नोंदणीचा फॉर्म आणि आधीचे जबाब वाचलेले असतात. अर्जदाराच्या गावाचा नकाशा, त्या महिन्यांत तो भाग कुणाच्या ताब्यात होता, तिथलं कॅलेंडर कोणतं, ही माहिती समोर असते. अर्जदार बाई असेल तर अधिकारी आणि दुभाषी बाईच हव्यात का, हे आधी विचारून ठेवायचं. नवरा-बायकोच्या मुलाखती वेगवेगळ्या घ्यायच्या. लहान मूल सोबत असेल तर ते बाहेर कुणीतरी सांभाळायचं, कारण आपल्यावर काय गुदरलं हे आई मुलासमोर सांगत नाही. दुभाष्यानं अधिकाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसू नये. तसं बसला की समोरच्याला दोन साहेब दिसतात. गणवेशातला माणूस तर खोलीत नकोच. तास-सव्वा तासानं थांबायचं आणि तीन-चार तासांत संपत नसेल तर दुसरा दिवस द्यायचा.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ओळख आणि नियम सांगण्यात जातात आणि ती वाचवण्याच्या नादात पुढचं सगळं नासतं. इथं सांगितलेलं तुमच्या देशाच्या वकिलातीपर्यंत जाणार नाही, हे तोंडानं सांगावं लागतं. 'माहीत नाही', 'आठवत नाही' ही उत्तरं चालतात, हेही सांगावं लागतं. नाहीतर साहेब विचारतोय म्हटल्यावर माणूस अंदाजानं तारीख ठोकतो आणि ती अंदाजाची तारीख पुढे त्याच्याच गळ्यात येते. दुभाष्याचं बोलणं कळतंय का, हे 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तरावर सोडायचं नसतं. अर्जदाराला दोन-चार वाक्यं बोलायला लावून ती परत ऐकून घ्यायची असतात. समजा, रोहिंग्या बाईसमोर बांगला बोलणारा दुभाषी बसवला. ती मान डोलावते, कारण निम्मं कळतं. उरलेलं निम्मं तिच्या फायलीत चुकीचं उतरतं.

मग यायला हवा मोकळ्या निवेदनाचा भाग. 'देश का सोडावा लागला, जिथून सुरुवात करावीशी वाटते तिथून सांगा', एवढाच प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. अर्जदार अडखळला तर 'मग पुढे?' एवढंच. तपासाची आणि साक्षीची माहिती असलेले सगळेच हे सांगतात की न तोडता सांगू दिलेल्या हकिगतीत तपशील जास्त येतो आणि तो खराही जास्त असतो. प्रत्यक्षात होतं उलटं. पहिला दीड तास जन्मतारीख, पत्ते, शाळा, प्रवासाचा मार्ग, एजंटाला किती पैसे दिले, यात जातो. मूळ कारणाचा प्रश्न येईपर्यंत अर्जदार दमलेला असतो आणि अधिकाऱ्याची नजर घड्याळाकडे असते.

निवेदनानंतर एकेक विषय धरून खोदायचं. इथं दोन प्रकारचे अधिकारी दिसतात. समजा, अर्जदार म्हणतो की मी विरोधी पक्षाचा कार्यकर्ता होतो. पहिला अधिकारी विचारतो, पक्षाच्या सरचिटणीसाचं नाव काय, स्थापना कधी झाली, झेंड्यावर तारे किती? दुसरा विचारतो, पक्षासाठी तुम्ही नेमकं काय करत होता? रात्री पोस्टर चिकटवत होतो, असं उत्तर आलं तर तो पुढे जातो. खळ कशाची करत होता, कुठं शिजवायचा, किती जण जायचे, पहारा कोण करायचं, पोस्टर कोणत्या भिंतीवर टिकायचं आणि कोणत्या भिंतीवरून सकाळी गायब व्हायचं? सरचिटणीसाचं नाव मोबाइलवर पाठ करता येतं. खळ शिजवल्याशिवाय ती भांड्याला कशी लागते हे सांगता येत नाही. शिवाय खऱ्या कार्यकर्त्याला सरचिटणीसाचं नाव येतच असेल असं नाही. आपल्या तालुक्यातल्या सतरंज्या उचलणाऱ्यांना विचारून पाहा.

या पाठांतर-परीक्षेचा महाराष्ट्राला चांगला अनुभव आहे. अनुसूचित जमातीच्या दाव्यांच्या पडताळणीत प्रथा, दैवतं, बोली यांची प्रश्नावली लावून दावे फेटाळले गेले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलं की ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. शहरात वाढलेल्या मुलाला आजोबांच्या देवाचं नाव आलं नाही म्हणून त्याचा वंश बदलत नाही. धर्मांतर केलेल्या आश्रयार्थीला दहा आज्ञा म्हणायला लावणारा अधिकारी तीच चूक करत असतो. समलैंगिक असल्यामुळे पळून आलेल्यांना तर याहून वाईट प्रश्न विचारले जात. शेवटी युरोपीय संघाच्या न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं की लैंगिक वर्तनाचे बारीकसारीक तपशील विचारणं आणि त्याचे 'पुरावे' मागणं चालणार नाही.

आता विसंगतीकडे. दावा फेटाळण्याचं सगळ्यात सोयीचं कारण म्हणजे 'अर्जदाराच्या दोन जबाबांत मेळ नाही'. हे वाक्य तर्कशुद्ध वाटतं, म्हणून ते धोक्याचं.

सांगलीच्या गावभागात किंवा मारुती चौकात राहणाऱ्या कुणालाही ऑगस्ट २०१९ च्या पुराबद्दल विचारा. पाणी घरात कितव्या पायरीला टेकलं हे तो बोट ठेवून दाखवेल. फ्रिज कुणी कुणी मिळून माळ्यावर चढवला, बोटीत आधी कोण बसलं, शेजारची म्हातारी यायला तयार नव्हती, हे सांगेल. आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तो आकडाही पाठ असेल. पण पाणी उंबऱ्याला लागलं ती तारीख कोणती, वार कोणता, बोट किती वाजता आली, किती दिवसांनी परतलात? इथं घरातल्या चौघांची चार उत्तरं येतील. २००५, २०१९ आणि २०२१ यांतली एखादी गोष्ट दुसऱ्या वर्षात सरकलेली असेल. यात कुणी खोटं बोलत नाही. पूर आला होता आणि त्याचा गाळ सगळ्यांनी उपसला. स्मरणशक्तीला तारखा धरून ठेवायची सवय नसते. ती जागा, आवाज, वास, माणसं धरून ठेवते.

ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना तोच प्रसंग काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा सांगायला लावला. या लोकांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती. खोटं बोलून पदरात काही पडणार नव्हतं. तरीही दोन हकिगतींत फरक सर्रास होते आणि ते घटनेच्या गाभ्यापेक्षा कडेच्या तपशिलात जास्त होते. मानसिक आघाताची लक्षणं ज्यांच्यात तीव्र होती, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. म्हणजे ज्याला जास्त भोगावं लागलं, तो जास्त विसंगत दिसतो. अर्जाचा निकाल लागायला महिनोन् महिने लावणारी यंत्रणा हा फरक स्वतःच वाढवत असते.

कॅलेंडरचा घोळ वेगळाच. अफगाण माणूस सांगतो, १३९९ च्या अकराव्या महिन्यात मला उचललं. लिहून घेणारा ६२१ मिळवतो आणि २०२० लिहून मोकळा होतो. पण तिकडचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे अकरावा महिना इंग्रजी २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पडतो. मराठी वाचकाला हे लगेच कळेल, कारण शकात ७८ मिळवून माघाचं इंग्रजी वर्ष काढलं की तीच चूक होते. इथिओपियात वर्ष आपल्यापेक्षा सात-आठनं मागं असतं, महिने तेरा असतात आणि दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे आठ हे त्यांचे दोन. 'पोलीस दोन वाजता आले' हे वाक्य फायलीत दुपारचं होऊन बसतं. पुढच्या मुलाखतीत बाई म्हणते, तेव्हा मुलं शाळेत निघाली होती. झाली विसंगती.

काही विसंगती लिहिणाराच जन्माला घालतो. ज्यानं आपल्याकडे पोलीस ठाण्यात जबाब दिला आहे त्याला 'समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी राहणेस असून' ही भाषा ओळखीची आहे. असं कुणीही बोलत नाही. हवालदार ऐकतो आणि आपल्या साच्यात ओततो. निर्वासिताच्या मुलाखतीत हा साचा दोनदा लागतो. एकदा दुभाष्याचा आणि एकदा टंकणाऱ्या अधिकाऱ्याचा. समजा, बाई सांगते, 'दार धडाधडा वाजलं, मी मागच्या दारानं गोठ्यात गेले, तिथून दिराला ओढत नेताना ऐकलं.' फायलीत उतरतं, 'घटनेवेळी अर्जदार घरी होती. तिच्यासमोर दिराला अटक झाली.' सहा महिन्यांनी ती म्हणते, मी पाहिलं नाही, ऐकलं. आदेशात येतं की अर्जदार प्रत्यक्षदर्शी असल्याचा आधीचा दावा आता नाकारते. तिनं तो दावा कधी केलेलाच नव्हता. प्रश्न आणि उत्तर शब्दशः लिहिणं, ध्वनिमुद्रण करणं आणि शेवटी अर्जदाराच्या भाषेत पानापानानं वाचून दाखवणं, हे तीन उपाय म्हणूनच आहेत. वाचून दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच खाल्ला जातो.

हे सगळं मान्य केलं तरी काही विसंगती खऱ्याच असतात. काही जण खोटं बोलतात. काहींना एजंटानं 'अशी गोष्ट सांग, लगेच होईल' म्हणून पढवलेलं असतं आणि खरी, पुरेशी असलेली हकिगत सोडून ते उसनी हकिगत सांगतात. त्यांना गाठायचं कसं? इथंही उत्तर विसंगती समोर ठेवून विचारण्यातच आहे. 'नोंदणीच्या वेळी कोठडीत तीन दिवस होतो असं लिहिलं आहे, आज दोन आठवडे म्हणालात. हे कसं, सांगाल?' आवाजात आरोप नको, प्रश्न एका वेळी एक. उत्तर येतं, तीन दिवस चौकीत आणि नंतर बराकीत, पण पहिल्या दिवशी खिडकीवरच्या माणसानं फक्त चौकीचं विचारलं. हे उत्तर पटण्यासारखं आहे की नाही, ते तपासता येतं. कधी बाई गप्प होते आणि बराच वेळानं सांगते की त्या मधल्या दिवसांत काय झालं, जे पहिल्या वेळी पुरुष दुभाष्यासमोर सांगता आलं नव्हतं. आणि ज्यानं रचलेलं असतं, तो इथंच फसतो, कारण रचलेल्या हकिगतीला पोटात तपशील नसतो.

सापळा लावणारी पद्धत उलट पढवलेल्याला बक्षीस देते. पाठ केलेल्या गोष्टीत तारीख चुकत नाही, क्रम चुकत नाही, पहिल्या आणि दुसऱ्या वेळी शब्दसुद्धा तेच असतात. 'अनुभवी अधिकाऱ्याला चेहऱ्यावरून कळतं' यावर तर कुणी भरवसा ठेवू नये. खरं-खोटं नुसतं पाहून-ऐकून ओळखण्यावरच्या प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब मांडला तेव्हा अचूकता ५४ टक्क्यांच्या आसपास निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के हातात असतात. अमेरिकेतल्या २००७ च्या एका अभ्यासात मायामीच्या एकाच न्यायालयात कोलंबियाच्या अर्जदारांना एका न्यायाधीशाकडे ५ टक्के, तर दुसऱ्याकडे ८८ टक्के मान्यता मिळत असल्याचं दिसलं. अर्जदारांत एवढा फरक असूच शकत नाही. फरक ऐकणाऱ्यांत होता.

इथं नेहमीचा आक्षेप येतो. शंकेचा फायदा देत बसलो तर देशाच्या सुरक्षेचं काय? सुरक्षा हा खरा प्रश्न आहे, म्हणूनच १९५१ च्या करारात युद्धगुन्हे आणि गंभीर गुन्हे करणाऱ्यांना वगळण्याचं वेगळं कलम आहे. पण तो प्रश्न वेगळा तपासायचा असतो. भीती खरी आहे का, हे ठरवताना फौजदारी खटल्यातलं 'संशयातीत' हे माप लावायचं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये म्हटलं होतं की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती साधार ठरू शकते. यूएनएचसीआरच्या १९७९ च्या हस्तपुस्तिकेत तर स्पष्ट आहे की वस्तुस्थिती शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी दोघांची, विसंगती दिसली तर गरज पडल्यास पुन्हा मुलाखत घेऊन ती दूर करावी आणि असत्य विधान एवढंच नकाराचं कारण होत नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशातल्या १६ व्या कलमानं विसंगतीबद्दल खुलासा करण्याची संधी मुलाखतीतच द्यायला सांगितलं. मी मागतोय तो नियम काही नवा नाही. फक्त ती संधी दिली नाही तर काय, याचं उत्तर त्यात जोडायचं आहे. ती विसंगती आदेशातून बाद, हे ते उत्तर.

वेळ आणि माणसं कुठून आणायची, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फायलींचा ढीग असतो आणि दिवसाला ठरलेल्या मुलाखती उरकायच्या असतात. पण घाईच्या नकाराचा खर्च पुढे सरकतो, संपत नाही. अपिलात दुसरा अधिकारी तीच फाइल उघडतो, पुन्हा दुभाषी, पुन्हा मुलाखत. तोवर आणखी वर्ष गेलेलं असतं आणि आठवण आणखी विस्कटलेली असते. विसंगती विचारून घ्यायला पहिल्याच दिवशी वीस मिनिटं लागली असती. मुलाखतीच्या मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी घेऊन अधिकाऱ्यानं आधीचे जबाब आणि आजच्या नोंदी शेजारी ठेवून फरकांची यादी करायची आणि सुट्टीनंतर ती एकेक करून विचारायची. एवढी साधी ही कृती आहे.

भारतात हे कुठं लागू होणार? १९४६ चा विदेशी नागरिक कायदा गेला, त्या जागी २०२५ चा स्थलांतर आणि विदेशी नागरिक कायदा आला, पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार माणसावरच राहिला आणि निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. यूएनएचसीआरनं नकार दिला तर त्यावर भारतीय कायद्यातलं अपील नाही. तिथली फेरतपासणी त्या कार्यालयाच्याच अंतर्गत नियमांनुसार होते. आश्रयाविषयीचं एक खासगी विधेयक २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्यापुढे गाडी गेली नाही. मात्र जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कागदांतल्या नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या किरकोळ फरकांवरून माणसाला परदेशी ठरवता येत नाही. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात याच न्यायालयानं जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही असल्याचं म्हटलं होतं. समोरच्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व तर आपल्याकडे साध्या शिपायाच्या खातेचौकशीतही पाळावं लागतं. फेरफाराच्या हरकतीत मंडल अधिकाऱ्यानं ते पाळलं नाही तर प्रांताकडे आदेश टिकत नाही. माणसाला छळाकडे परत पाठवणाऱ्या आदेशाला त्याहून हलकं माप कसं चालेल?

तेव्हा विधेयक पुन्हा मांडलं गेलंच, तर त्यात मोठमोठ्या घोषणांच्या आधी एक कलम हवं. मुलाखतीचं पूर्ण ध्वनिमुद्रण होईल, त्याची आणि लेखी नोंदीची प्रत अर्जदाराला मिळेल आणि नकाराच्या आदेशात जी जी विसंगती धरली असेल, तिच्यासमोर ती अर्जदाराला कोणत्या तासाला, कोणत्या मिनिटाला विचारली, ते लिहिलेलं असेल. जिथं तो रकाना रिकामा असेल, ती विसंगती अपिलाच्या अधिकाऱ्यानं वाचायचीच नाही. यासाठी संसदेची वाटही पाहायला नको. परदेशी ठरवण्याची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना आणि दिल्लीतल्या मुलाखतींना हा रकाना उद्यापासून घालता येईल. लागेल तो एक रेकॉर्डर आणि आदेशाच्या नमुन्यात वाढवलेला एक स्तंभ.